बॅटरीतले व्होल्ट आणि सेल्फपर्यंत पोहोचणारा करंट

नवी बॅटरी बसवूनही गाडी सुरू झाली नाही की दोनच निदाने ऐकायला मिळतात. एक, “बॅटरीच खराब निघाली”; दुसरे, “दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी ठीक आहे, सेल्फ गेला असणार”. (सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर.) ही दोन्ही निदाने बहुतेक वेळा काहीही न मोजता केलेली असतात आणि त्यांच्यापायी चांगल्या बॅटऱ्या परत केल्या जातात, चांगले सेल्फ उतरवले जातात. बॅटरी उतरलेली असणे ही एक गोष्ट आहे आणि बॅटरी भरलेली असूनही तिचा करंट सेल्फपर्यंत न पोहोचणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. मात्र तक्रार बॅटरी बदलल्याबरोबर सुरू झाली असेल, तर आधी दुसरीचा संशय घ्यावा, कारण नुकताच हात लागलेला असतो तो जोडण्यांना.

एक सोपा फरक आधीच बाजूला काढतो. किल्ली फिरवल्यावर इंजिन नेहमीच्या वेगाने फिरत असेल पण पेट घेत नसेल, तर बॅटरी आणि तिच्या करंटची सेल्फपर्यंतची वाट या दोहोंवर वेळ घालवू नये. इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा, फ्यूज आणि इंधनाचा पंप पाहावा. इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडत असेल, तर बॅटरी काढल्यामुळे आयडलिंगची (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू राहण्याची) साठवलेली मापे पुसली गेली असण्याची शक्यता असते. हा लेख सेल्फ फिरतच नाही किंवा नुसता टकटकतो, त्या गाडीविषयी आहे.

उतरलेली बॅटरी सर्वांच्या ओळखीची आहे, म्हणून तिच्याविषयी थोडक्यात. 12 व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि काही तास स्वस्थ असेल तर 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते, 12.2 च्या आसपास ती निम्मी उतरलेली असते आणि 12 च्या खाली तिच्यात फारसे काही उरलेले नसते. न वापरता महिनोन्महिने पडून राहिलेली नवी बॅटरीही आपोआप उतरते. ती चार्ज करून घ्यावी. “नवी बॅटरी सेट व्हायला वेळ लागतो” हे मात्र खरे नाही. भरलेल्या बॅटरीने पहिल्याच किल्लीला इंजिन फिरवले पाहिजे.

खरी गफलत पुढे आहे. मल्टिमीटरवर 12.6 दिसले की लोक निर्धास्त होतात, पण त्या क्षणी बॅटरीतून जवळजवळ काहीच करंट वाहत नसतो. गाडीतला 5 वॅटचा छताचा दिवा अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी घेतो, 55 वॅटचे दोन हेडलाइट मिळून सुमारे 9 अँपिअर घेतात आणि पेट्रोल गाडीचा सेल्फ साधारण 100 ते 200 अँपिअर मागतो. डिझेलचा त्याहून जास्त. आता एखाद्या टर्मिनलवर केवळ 0.05 ओहमचा अडथळा आहे असे समजा. छताच्या दिव्याच्या करंटला तिथे 0.02 व्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे काहीच नाही. दोन्ही हेडलाइटच्या करंटला अर्ध्या व्होल्टच्या आतच घट होते आणि दिव्यांत फरक जाणवतही नाही. पण सेल्फसाठी 150 अँपिअर जाऊ पाहतील तर 7.5 व्होल्ट तिथेच खर्ची पडायला हवेत. अर्थात तेवढा करंट जाऊच शकत नाही आणि सेल्फ टकटकून थांबतो. म्हणून “दिवे लागतात” हा सेल्फची वाट मोकळी असल्याचा पुरावा नाही. हे वाक्य पुरावा म्हणून वापरणे सर्वांनी कायमचे बंद करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे. अडथळा बॅटरीचा पोस्ट (वर आलेला शिशाचा खुंट) आणि त्यावर आवळलेला वायरचा क्लॅम्प यांच्यामध्येच असेल, तर सेल्फ मारताना डॅशबोर्डही विझतो, कारण गाडीतले सगळे काही त्याच क्लॅम्पवरून चालते, आणि पाहणारा म्हणतो, “बघा, बॅटरी उतरली.” मग दुसऱ्या गाडीच्या केबल आणून त्यांचे चिमटे क्लॅम्पवर लावले जातात. करंट तो खराब सांधा टाळून थेट वायरमध्ये जातो, गाडी सुरू होते आणि चांगली बॅटरी दोषी ठरते. चिमटा शिशाच्या पोस्टवर लावला असता, तर गाडी तशीच अडून बसली असती आणि खरे कारण समोर आले असते. धक्का मारून सुरू केलेल्या गाडीवरूनही या दोहोंपैकी काहीच ठरत नाही, कारण त्यात सेल्फ वापरलाच जात नाही.

या दोन गोष्टी वेगळ्या करण्याचा खात्रीचा मार्ग एकच आहे: किल्ली स्टार्टवर धरलेली असताना मोजणे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि किल्लीवर दुसरी व्यक्ती, अशी तयारी करून मीटरची टोके क्लॅम्पवर नव्हे, तर शिशाच्या दोन्ही पोस्टच्या माथ्यावर टेकवावीत. आकडा 9.6 च्या खाली कोसळला, तर बॅटरी उतरलेली किंवा खराब आहे. ती पूर्ण भरलेली असूनही असे होत असेल, तर सेल्फ किंवा इंजिन अडकले आहे का तेही पाहावे. आकडा 12 च्या वर स्थिर राहिला आणि सेल्फ फिरला नाही, तर बॅटरीला त्या क्षणी कोणी मोठा करंट मागितलेलाच नाही. मग तीच टोके क्लॅम्पवर न्यावीत. पोस्टवर 12.4 आणि क्लॅम्पवर 4 असे दिसले, तर दोष त्या दोहोंमधल्या केसाएवढ्या थरात आहे आणि पुढे शोधण्याची गरज नाही. तिथे फरक नसेल तर मीटरचे एक टोक निगेटिव्ह पोस्टवर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून पुन्हा किल्ली फिरवावी. 0.2 व्होल्टपेक्षा बरेच जास्त दिसले, तर इंजिनची अर्थिंगची पट्टी (इंजिनला बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूशी जोडणारी) सैल, गंजलेली किंवा तुटलेली आहे. पॉझिटिव्ह पोस्टपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत अर्ध्या व्होल्टच्या आत घट चालते. एक सावधगिरी मात्र हवी: करंटच वाहत नसेल तर घटही शून्य दिसते, म्हणून शून्य हा आकडा सेल्फ निदान ओढ घेत असेल तेव्हाच विश्वासाचा असतो.

बॅटरी बदलताना ही वाट बिघडते कशी, तर बहुधा साध्या कारणांनी. पोस्टवरचे प्लास्टिकचे टोपण काढायचे राहते. पोस्टचे माप वेगळे असते: एका प्रकारात पॉझिटिव्ह पोस्टचा माथा सुमारे 17.5 मिलिमीटरचा असतो, तर बारीक पोस्टच्या बॅटरीत सुमारे 14.7 मिलिमीटरचा, आणि जाड पोस्टसाठीचा क्लॅम्प बारीक पोस्टवर नट पूर्ण आवळूनही सैल राहतो. हाताने जोर लावल्यावर क्लॅम्प तसूभरही फिरता कामा नये. पत्र्याचा तुकडा कोंबून तो घट्ट करणे मला मुळीच मान्य नाही, योग्य मापाचा क्लॅम्पच आणावा. क्लॅम्पच्या आतला काळपट थर पॉलिश पेपरने घासून शिसे चकचकीत करावे आणि ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावायची असेल तर आवळून झाल्यावर बाहेरून लावावी. पॉझिटिव्ह क्लॅम्पलाच जोडलेला मोठा फ्यूज असेल, तर ओढाताणीत त्याला तडा जातो किंवा पाना बॉडीला टेकून तो उडतो. म्हणूनच निगेटिव्ह आधी काढायचा आणि शेवटी लावायचा असतो.

वाट स्वच्छ निघाली, तर उरतो तो सेल्फला मिळणारा हुकूम. किल्ली स्टार्टवर असताना सेल्फच्या बारीक वायरवर बॅटरीइतके व्होल्ट येत नसतील, तर रिले (किल्लीच्या इशाऱ्यावर सेल्फला वीज जोडणारा स्विच), क्लचचा स्विच, ऑटोमॅटिक गाडीत गिअरची जागा आणि काही गाड्यांत इमोबिलायझर तपासावा. व्होल्ट येत असतील, जाड बोल्टवरही ते टिकून असतील, अर्थिंग चांगले असेल आणि तरीही सेल्फ फिरत नसेल, तेव्हाच तो उतरवावा.