ओहायो : साखळीने मोजून विकलेलं राज्य

अमेरिकन फ्रंटियर म्हटलं की आपल्याला वाळवंट, घोडे आणि सलूनचं झुलतं दार आठवतं, पण त्याच्या बरंच आधी म्हणजे 1780-90 च्या सुमारास अमेरिकेचा "पश्चिम" म्हणजे ओहायो होता. घनदाट जंगल, मोठमोठ्या नद्या, रस्ता नावाला नाही. आणि तिथली भांडणं बंदुकीने झाली हे खरंय, पण ती सुरू झाली मोजणीच्या साखळीवरून आणि जमिनीच्या कागदावरून, हे एकदा डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं सरळ उलगडत जातं, नाहीतर नुसती लढायांची यादी पाठ केल्यासारखं होतं.

याचा पुरावा बघायला म्युझियममध्ये जायची गरज नाही, कोलंबसचा नकाशा उघडा. शहराच्या मधून सायोटो नदी जाते. नदीच्या पश्चिमेची जमीन होती व्हर्जिनिया मिलिटरी डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे स्वातंत्र्ययुद्धातल्या व्हर्जिनियाच्या सैनिकांना पगार-बक्षिसाऐवजी द्यायला राखून ठेवलेली. पूर्वेला रेफ्युजी ट्रॅक्ट, म्हणजे कॅनडातल्या ज्या लोकांनी अमेरिकन क्रांतीची बाजू घेतली आणि तिकडची घरंदारं गमावली त्यांच्यासाठीचा पट्टा. कोलंबसमध्ये राहणारी आपली मंडळी ज्या रेफ्युजी रोडवरून जा-ये करतात त्याचं नाव इथून आलंय, हल्लीच्या निर्वासितांशी त्याचा काही संबंध नाही. एकाच शहरात नदी ओलांडली की जमिनीचा हिशोब बदलतो आणि असे आठ-दहा वेगवेगळे हिशोब एका राज्यात आहेत.

आता मुळात ही जमीन होती कुणाची? शॉनी, डेलावेअर, वायंडॉट, मायामी, ओटावा अशा लोकांची गावं तिथे होती, मक्याची शेतं होती, व्यापार होता. फ्रेंचांनी 1749 मध्ये सेलोरोन नावाचा अधिकारी पाठवून ओहायो नदीच्या काठाने शिशाचे पत्रे पुरले, त्यावर लिहिलेलं की हा मुलूख फ्रान्सच्या राजाचा, झालं, मालकी सिद्ध! मग इंग्रज जिंकले, त्यांनी 1763 मध्ये जाहीर केलं की अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या पलीकडे वसाहत करायची नाही, ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. 1783 च्या पॅरिस तहात ब्रिटनने हा अख्खा प्रदेश अमेरिकेला देऊन टाकला आणि तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलं सुद्धा नाही. त्याच्या एक वर्ष आधी, मार्च 1782 मध्ये, ग्नाडेनहुटेन या गावात पेनसिल्व्हेनियाच्या मिलिशियाने, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या फौजेने, 96 डेलावेअर लोकांना मारलं. हे लोक मोरेव्हियन मिशनऱ्यांकडून ख्रिस्ती झालेले, लढाईत नसलेले, शेतातला उरलेला मका काढायला परत आलेले. त्यात 39 मुलं होती. पुढे बारा-तेरा वर्षं ओहायोत जी कडवी लढाई चालली ती कुठल्या मनःस्थितीत लढली गेली हे कळायला एवढी एक गोष्ट पुरे.

इकडे नव्या अमेरिकन सरकारची अवस्था अशी की युद्धाचं कर्ज डोक्यावर, सैनिकांचे पैसे थकलेले आणि टॅक्स लावायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, नाहीच. हातात काय तर जमीन, ती पण दुसऱ्याच्या ताब्यातली. मग 20 मे 1785 ला लँड ऑर्डिनन्स, म्हणजे जमिनीचा कायदा, आला. जमिनीचे सहा मैल बाय सहा मैल चौकोन पाडायचे, त्याला टाउनशिप म्हणायचं, एका टाउनशिपचे 36 सेक्शन, एक सेक्शन 640 एकरांचा, आणि 16 नंबरचा सेक्शन शाळेसाठी राखीव. आधी मोजणी, मग विक्री. ऐकायला साधं वाटतं पण पुढे जवळजवळ अर्धी-पाऊण अमेरिका याच पद्धतीने कापली गेली, विमानातून खाली जे चौकोनच चौकोन दिसतात ते हेच.

सुरुवात झाली 30 सप्टेंबर 1785 ला, पेनसिल्व्हेनियाची हद्द जिथे ओहायो नदीला लागते तिथून, आजच्या ईस्ट लिव्हरपूल गावाजवळ. थॉमस हचिन्स हा काँग्रेसचा जिओग्राफर, त्याची टोळी साखळी घेऊन पश्चिमेकडे निघाली आणि जेमतेम चार मैल मोजून झाल्यावर पुढे हल्ला झाल्याची बातमी आली म्हणून काम बंद करून मागे फिरली. पहिल्या सीझनची कमाई चार मैल! तिथे रस्त्याच्या कडेला आज स्मारकाचा दगड आहे आणि गंमत म्हणजे त्या दगडावरच लिहिलंय की खरा आरंभबिंदू इथून सुमारे 1,100 फूट दक्षिणेला आहे. तो आता नदीच्या पाण्याखाली गेलाय.

मोजणी व्हायची गंटरच्या साखळीने. लांबी 66 फूट, 100 कड्या, अशा 80 साखळ्या म्हणजे एक मैल, आणि दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. आता आपला गुंठा आठवा, 33 फूट बाय 33 फूट, 40 गुंठ्यांचा एकर. म्हणजे बरोब्बर अर्ध्या साखळीचा चौकोन. हा योगायोग नाही, दोन्हीकडे इंग्रजी एकरच मुळाशी आहे, 1830 च्या दशकात इंदापूरपासून मुंबई इलाख्याचा जो सर्व्हे सुरू झाला तोही याच मापाच्या घरातला. फरक असा की आपल्याकडे असलेल्या शेतावर साखळी टाकून सारा ठरवला आणि ओहायोत जंगलावर साखळी टाकून ते गिऱ्हाईकाला विकलं.

एकराला एक डॉलर, म्हणजे 640 एकरांच्या एका सेक्शनला 640 डॉलर, एका साध्या शेतकऱ्याला हे झेपणारं नव्हतंच, त्यामुळे लोक सरळ नदी ओलांडून झोपड्या बांधून बसायचे. सरकारने काय केलं तर 1785 मध्येच फौज पाठवून या झोपड्या जाळल्या. स्वतःच्याच नागरिकांच्या! आणि मोठ्या कंपन्यांना मात्र घाऊक भावात. बोस्टनच्या एका दारूच्या गुत्त्यात 1786 मध्ये ओहायो कंपनी स्थापन झाली, त्यात युद्धातून परतलेले ऑफिसर, पुढारी रुफस पुटनम. त्यांचा माणूस मनासे कटलर हा पाद्री, पण लॉबिंगमध्ये भले भले दलाल मागे पडतील असा. 13 जुलै 1787 ला नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्स, म्हणजे ओहायो नदीच्या वायव्येकडच्या प्रदेशाचा कारभार ठरवणारा कायदा, पास झाला आणि त्याच महिन्यात याने दीड दशलक्ष एकरांचा सौदा जुळवला, पैसे द्यायचे ते युद्धकाळातल्या सरकारी सर्टिफिकेटांत, ज्यांचा बाजारभाव तेव्हा पार पडलेला होता. त्या ऑर्डिनन्समध्ये चांगल्या गोष्टी होत्या हे मान्य, या प्रदेशात गुलामगिरीला बंदी, धर्मस्वातंत्र्य, शिक्षणाला उत्तेजन. शिवाय मूळ रहिवाशांची जमीन त्यांच्या संमतीशिवाय घेतली जाणार नाही असंही एक कलम होतं, त्याचं काय झालं ते पुढे येतंच.

7 एप्रिल 1788 ला पुटनमची 48 माणसं मस्किंगम नदीच्या मुखाशी उतरली आणि मरिएटा वसलं, नाव फ्रान्सच्या राणीवरून, क्रांतीत मदत केल्याबद्दल. तिथे त्यांना मातीचे प्रचंड उंचवटे, चौथरे, दोन्ही बाजूंनी बांध घातलेला रस्ता असं बरंच काही सापडलं, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथे राहणाऱ्या लोकांनी बांधलेलं. या नवीन लोकांनी त्यांना कॅपिटोलियम, साक्रा व्हिया अशी लॅटिन नावं ठेवली, मोठ्या शंकूसारख्या टेकाडाभोवती स्मशानभूमी केली आणि कॅपिटोलियमच्या चौथऱ्यावर नंतर गावाची पब्लिक लायब्ररी उभी राहिली, आजही तिथेच आहे. पुस्तक बदलायला जाताना लोक त्या प्राचीन चौथऱ्याच्या पायऱ्या चढतात. जतन म्हणायचं की कब्जा हे तुम्हीच ठरवा, मला दोन्ही वाटतं.

आता सगळ्यात मजेशीर आणि सगळ्यात वाईट प्रकरण, सायोटो कंपनी. विल्यम ड्यूअर नावाचा न्यूयॉर्कचा सट्टेबाज, त्याने ओहायो कंपनीच्या सौद्यालाच चिकटून आणखी कितीतरी लाख एकरांचा ऑप्शन घेतला, म्हणजे जमीन मालकीची नाही, फक्त पुढे विकत घ्यायचा हक्क. आणि पॅरिसमध्ये त्याच्या एजंटांनी तीच जमीन विकायला काढली. एजंट कोण तर जोएल बार्लो हा कवी आणि विल्यम प्लेफेअर, हो हो तोच, बार चार्ट आणि पाय चार्टचा जनक, ऑफिसातल्या प्रेझेंटेशनमध्ये आपण ज्याचं देणं लागतो तो. क्रांतीने हादरलेल्या फ्रेंचांनी धडाधड पैसे भरले, आपल्याकडे हायवे टच एनए प्लॉटची रंगीत जाहिरात बघून लोक भरतात तसेच. 1790 मध्ये सुमारे 500 लोक अटलांटिक ओलांडून आले तर कळलं की हातातला कागद रद्दी आहे. त्यांच्यात विग बनवणारे होते, सोनार होते, नक्षीकाम करणारे होते, झाड कसं पाडायचं हे माहीत असणारे फारच थोडे. पुटनमच्या माणसांनी त्यांच्यासाठी 80 लाकडी खोल्या बांधून ठेवल्या होत्या, ते गाव म्हणजे गॅलिपोलिस. शेवटी 1795 मध्ये काँग्रेसने दया येऊन 24,000 एकर दिले, पण तोवर कित्येक जण निघून गेले होते. ड्यूअर 1792 च्या बाजारपडझडीत बुडाला आणि कर्जदारांच्या तुरुंगातच 1799 मध्ये मेला.

बाकीचे पट्टे थोडक्यात सांगतो. सिनसिनाटीच्या बाजूला जॉन क्लीव्ह्ज सिम्सने दोन मायामी नद्यांमधली जमीन घेतली आणि आपल्या हद्दीबाहेरचीही विकून टाकली, त्याचे खटले वर्षानुवर्षं चालले. व्हर्जिनियावाल्या पट्ट्यात चौकोन वगैरे काही नाही, या ओकपासून त्या मेपलपर्यंत, तिथून ओढ्याच्या कडेने, असली हद्द, झाड पडलं की भांडण सुरू, आणि सर्व्हेअरला मेहनताना म्हणून जमिनीतलाच मोठा हिस्सा, त्यामुळे नथॅनिएल मॅसीसारखे सर्व्हेअर बघता बघता जमीनदार झाले. आणि उत्तरेला कनेक्टिकट राज्याने स्वतःसाठी 120 मैल लांब पट्टा राखून ठेवला होता, त्यातला बराचसा 1795 मध्ये 12 लाख डॉलरला विकला आणि पैसे आपल्या राज्यातल्या शाळांना दिले. त्या कंपनीचा मोझेस क्लीव्हलँड 1796 च्या उन्हाळ्यात आला, गाव आखून दिलं आणि कनेक्टिकटला परत गेला तो पुन्हा कधी फिरकलाच नाही. शहराच्या नावातून त्याच्या स्पेलिंगमधला एक ए पण नंतर गळाला.

हे सगळं चालू असताना जमिनीचे मालक गप्प बसले नव्हते. ओहायो नदी हीच हद्द, पलीकडे तुम्ही अलीकडे आम्ही, ही त्यांची मागणी. 1790 मध्ये सरकारी फौज घेऊन आलेला जनरल हार्मर हरला. 4 नोव्हेंबर 1791 ला गव्हर्नर आर्थर सेंट क्लेअरच्या फौजेवर मायामींचा लिटल टर्टल आणि शॉनींचा ब्लू जॅकेट यांनी पहाटे हल्ला केला आणि सहाशेहून जास्त सैनिक मारले गेले, मूळ रहिवाशांकडून अमेरिकन सैन्याचा इतका मोठा पराभव ना आधी झाला ना नंतर. काँग्रेसने इतिहासातली पहिली चौकशी बसवली ती याच पराभवाची. 1793 मध्ये सरकारने पैसे घेऊन जमीन सोडा असा निरोप पाठवला तेव्हा जमातींनी जे उत्तर दिलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात हुशार उत्तर वाटतं. आम्हाला पैशाचा उपयोग नाही, तुमचे जे लोक आमच्या जमिनीवर येऊन बसलेत ते गरीब आहेत म्हणूनच आलेत ना, मग हे पैसे त्यांनाच वाटा, ते खुशीने परत जातील, आणि फौजेचा खर्च वाचेल तोही त्यात घाला. याला तोड नव्हती, त्यामुळे बोलणी फिसकटली.

20 ऑगस्ट 1794 ला फॉलन टिंबर्सला, आजच्या टोलेडोजवळ, अमेरिकन जनरल अँथनी वेनच्या शिस्तीत तयार केलेल्या फौजेपुढे जमाती हरल्या आणि मागे हटताना जवळच्या ब्रिटिश किल्ल्याने, ज्यांच्या भरवशावर ते होते त्यांनीच, दरवाजे लावून घेतले. पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलचा तह, ओहायोचा सुमारे दोन तृतीयांश भाग गेला, बदल्यात 20,000 डॉलरचा माल आणि वर्षाला 9,500 डॉलर. ऑर्डिनन्समधली "संमती" ती हीच.

मग लोंढा सुरू झाला. झेन नावाच्या माणसाने जंगलातून वाट पाडायचा ठेका घेतला, मोबदला म्हणून तीन नद्यांच्या काठी एकेक सेक्शन, झेन्सव्हिल हे गाव त्यातलंच. 1800 च्या कायद्याने किमान जमीन 320 एकरांवर आणली आणि चार वर्षांत हप्त्याने पैसे, त्यात कित्येक जण हप्ते थकून बसले. ओहायो कंपनीच्या सीमेवरच्या एका पट्ट्यात 100 एकर फुकट मिळायचे पण अट अशी की तीन वर्षांत 50 सफरचंदाची आणि 20 पीचची झाडं लावायची, माणूस टिकून राहणार आहे याचा पुरावा म्हणून. जॉनी अ‍ॅपलसीड म्हणून जो जॉन चॅपमन लहान मुलांच्या पुस्तकात अनवाणी बिया टाकत फिरतो तो प्रत्यक्षात लोक यायच्या आधीच नर्सऱ्या लावून ठेवायचा आणि रोपं विकायचा, पक्का धंद्याचा माणूस, आणि ती सफरचंदं खायची कमी, सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, करायचीच जास्त.

1802 च्या शेवटी चिलिकोथी गावी ओहायो राज्याची घटना तयार झाली. गुलामगिरीला बंदी घातली पण कृष्णवर्णीयांना मत द्यायचा प्रस्ताव घटनासभेच्या अध्यक्षांच्या एका निर्णायक मताने पडला, आणि 1807 पासून ओहायोत राहायला येणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाला 500 डॉलरचा जामीन द्यावा लागायचा. मोकळी जमीन मोकळी होती ती अशी.

हद्दीचे वाद तरी संपावेत की नाही, तर 1835 मध्ये मिशिगनशी टोलेडोवरून जुंपली. मिशिगन लेकचं दक्षिण टोक जुन्या नकाशात चुकीच्या जागी दाखवलेलं, त्यामुळे दोघांच्या रेषा वेगळ्या. मिलिशिया समोरासमोर आली, पण जखमी एकच, एक डेप्युटी शेरीफ, त्याला टू स्टिकनी नावाच्या माणसाने चाकू मारला. टू हे खरंच त्याचं नाव, मोठ्या भावाचं नाव वन. टोलेडो ओहायोला मिळालं आणि मिशिगनला भरपाई म्हणून अप्पर पेनिन्सुला हा उत्तरेकडचा द्वीपकल्प, जिथे नंतर तांबं आणि लोखंड निघालं.

1843 च्या जुलैमध्ये अप्पर सँडस्कीहून वायंडॉट लोक, ओहायोत उरलेली शेवटची जमात, कॅन्सासच्या वाटेला लागले. त्यांच्या शेतांवर मोजणीदार आले, सेक्शन पाडले आणि विक्री झाली.

आणि 1953 मध्ये दीडशे वर्षांच्या सेलिब्रेशनची तयारी करताना लक्षात आलं की ओहायोला राज्य म्हणून सामील करून घेतल्याचा ठराव काँग्रेसने 1803 मध्ये केलाच नव्हता. इंच न् इंच मोजून विकलेल्या राज्याचा मुख्य कागदच राहून गेला. मग मागच्या तारखेने, 1 मार्च 1803 पासून, ठराव झाला आणि त्यावर राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरने 7 ऑगस्ट 1953 ला सही केली.