नॉर्वेजियन सामासिक शब्दांतील अक्षरविभाजन आणि आघात

नॉर्वेजियन भाषेत दोन किंवा अधिक शब्द जोडून नवा शब्द सहज घडवता येतो व तो सलग लिहिला जातो. उच्चारात त्याचे एकपण आघातावरून, म्हणजे अक्षरावर दिलेल्या जोरावरून कळते. मुख्य आघात पहिल्या घटकावर पडतो, तर पुढील घटकाचा स्वतःचा आघात नाहीसा न होता गौण होऊन राहतो. ‘मिनिस्टर’ या शब्दात एरवी ‘निस्’वर पडणारा मुख्य आघात ‘स्टाट्समिनिस्टर’ (पंतप्रधान) या समासात ‘स्टाट्स’वर सरकतो. ‘लामेलोर’ सलग उच्चारल्यास कोकराच्या मांडीचे मांस असा अर्थ होतो. दोन्ही शब्दांवर वेगळा आघात देऊन ‘लामे लोर’ म्हटल्यास लुळ्या मांड्या असा. समास तोडून लिहिण्याच्या चुकीवर नॉर्वेत सतत होणाऱ्या थट्टेचे हे ठरलेले उदाहरण आहे.

आघातयुक्त अक्षराला दोनपैकी एक सूरही असतो. ऑस्लोकडील बोलीत पहिला सूर खालून वर चढतो आणि दुसरा वरून उतरून पुन्हा चढतो. समासाचा पहिला घटक एकाक्षरी असेल, तर दोन घटकांमध्ये येणाऱ्या जोडवर्णाचाही सुरावर परिणाम होतो : ‘स’ असल्यास बहुधा पहिला सूर येतो, ‘बार्नेहागे’ (बालवाडी) या शब्दातल्यासारखा ‘ए’ असल्यास दुसरा. पश्चिम नॉर्वेतील बर्गन शहराच्या आसपासच्या काही बोलींत मात्र हा सूरभेदच नाही.

ओळीच्या शेवटी साधा शब्द तोडताना स्वरापूर्वीचे एक व्यंजन पुढच्या ओळीत नेतात. सामासिक शब्द घटकांच्या सांध्यावर तोडणे इष्ट मानले जाते. ‘नाट’ (रात्र) हा शब्द दोन ‘टी’ घालून लिहितात. त्याला ‘टोग’ (रेल्वेगाडी) जोडल्यावर तीन ‘टी’ एकत्र यायला हवेत, पण लेखनात दोनच ठेवतात. शब्द ओळीअखेर तुटला, की गाळलेला तिसरा ‘टी’ परत येतो. उच्चार मात्र हा सांधा पाळतोच असे नाही. ‘वोर’ (वसंत) आणि ‘सूल’ (सूर्य) यांच्या समासात ऑस्लोकडे ‘र’ व ‘स’ मिळून मराठीतील मूर्धन्य ‘ष’च्या जवळचा एकच वर्ण ऐकू येतो, बर्गनचा ‘र’ घशातून निघत असल्याने तेथे असे होत नाही.

पहिल्या घटकावरील आघाताला काही स्थलनामे अपवाद आहेत. 1641 मध्ये वसवलेले क्रिस्तियानसान आणि 1742 मध्ये शहराचा दर्जा मिळालेले क्रिस्तियानसुन या नावांत आघात शेवटच्या अक्षरावर पडतो. दोन्ही नावांतला फरकही तेवढ्या एका अक्षराचाच असल्याने पत्त्यांत पहिल्यापुढे दक्षिणेचा ‘एस’ आणि दुसऱ्यापुढे उत्तरेचा ‘एन’ लिहिण्याची पद्धत पडली.