गाठ निघाली, मग डोकं का दुखतंय?

आपल्याकडे डोकं दुखलं की पहिला आरोप पित्तावर जातो. चहाला उशीर झाला, उन्हातून आलं, जागरण झालं, उपास घडला. कारण काहीही असो, नाव पित्ताचंच. कपाळाला बाम चोळायचा, ओढणी घट्ट बांधायची आणि खिडकीचा पडदा ओढून पडून राहायचं. अशी वर्षंच्या वर्षं निघून जातात. मग कधीतरी कुणी डॉक्टर एमआरआय काढायला सांगतात आणि रिपोर्टात दोन शब्द येतात: पिट्युटरी अ‍ॅडिनोमा. म्हणजे पिट्युटरी नावाच्या ग्रंथीतली गाठ. घरच्यांना त्यातून एकच ऐकू येतं, ‘ब्रेन ट्यूमर’. पण त्या भीतीच्या तळाशी थोडा दिलासाही असतो. चला, कारण तरी सापडलं. गाठ काढली की डोकं दुखायचं थांबेल.

कित्येकांचं थांबतंही. पण सगळ्यांचं नाही, आणि काहींचं तर वाढतं. हे ऑपरेशननंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं फार बरं, म्हणून हा लेख.

पिट्युटरी म्हणजे पीयूषिका ग्रंथी. नाकाच्या मुळापासून सरळ मागे गेलं तर कवटीच्या तळाच्या हाडात एक लहानसा खळगा लागतो. त्याचा आकार घोड्याच्या खोगिरासारखा, म्हणून शरीररचनाशास्त्रात त्याचं नावच ‘तुर्की खोगीर’ आहे. त्या खोगिरात वाटाण्याएवढी, जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाची ही ग्रंथी बसलेली असते. वाढ, पाळी, अंगावरचं दूध, थायरॉइड, ताणाच्या वेळी लागणारं कॉर्टिसॉल, लघवीचं प्रमाण, सगळ्यांची दोरी तिच्या हातात. तिच्यात होणाऱ्या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्या नसतात आणि सावकाश वाढतात. हे घरच्यांना पहिल्याच भेटीत नीट सांगायला हवं, कारण त्या एका वाक्याने माणसांचा जीव भांड्यात पडतो.

आता दुखतं ते काय? खुद्द मेंदूला वेदना कळत नाहीत. कळतात त्या मेंदूवरच्या जाड आवरणाला. खोगिराच्या आत आणि वर त्याच आवरणाचं अस्तर आणि झाकण असतं, आणि त्यातल्या वेदना चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल मज्जातंतूमार्फत मेंदूपर्यंत पोचतात. खोगिराच्या दोन्ही बाजूंच्या शिरांच्या पोकळ्यांतून याच मज्जातंतूच्या फांद्या डोळ्याकडे आणि गालाकडे जातात. त्यामुळे गाठ वाढली, अस्तर ताणलं, की दुखणं कपाळात, डोळ्यामागे, कानशिलात जाणवतं. बरीच वर्षं हेच कारण पुरेसं मानलं जात होतं.

पण गोष्ट एवढीच असती तर मोठ्या गाठीचं डोकं जास्त दुखायला हवं होतं. तसं होत नाही. सहा-सात मिलिमीटरच्या गाठीचा माणूस रोज डोकं धरून बसतो, आणि तीन सेंटिमीटरची गाठ घेऊन फिरणाऱ्याला डोकेदुखी ठाऊकच नसते. तो येतो वेगळ्याच तक्रारीने. दारातून जाताना चौकटीला खांदा आपटतो, रस्ता ओलांडताना बाजूने आलेली रिक्षा दिसत नाही. वर वाढलेल्या गाठीने डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे दाब दिलेला असतो, आणि दोन्ही कडांची नजर हळूहळू मिटत गेलेली असते.

लंडनमधल्या एका गटाने २००४ मध्ये नेमकं हेच मोजून पाहिलं. गाठीचं आकारमान आणि डोकेदुखी यांचा मेळ त्यांना लागला नाही. मेळ लागला तो घराण्याशी. ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना डोकेदुखी होती, त्यांचं डोकं जास्त दुखत होतं. म्हणजे जमीन आधीच तयार असते, गाठ तिच्यावर ठिणगी टाकते. मला स्वतःला हा या विषयातला सगळ्यात मोलाचा धागा वाटतो. पुढच्याच वर्षी त्याच गटाने गाठ आणि त्रासदायक डोकेदुखी दोन्ही असलेल्या ८४ जणांचं दुखणं तपशिलाने नोंदवलं. ४६ टक्क्यांची डोकेदुखी जुनाट अर्धशिशीच्या, म्हणजे मायग्रेनच्या, स्वरूपाची होती आणि ३० टक्क्यांची अधूनमधून येणाऱ्या अर्धशिशीची.

दाबाशिवाय दुसरंही काही चालू असतं याचा एक पुरावा फार बोलका आहे. वाढीचं हॉर्मोन जास्त तयार करणाऱ्या गाठीने अ‍ॅक्रोमेगाली होते. अंगठी बोटातून निघेनाशी होते, चपलेचा नंबर दर दोन वर्षांनी वाढतो, जबडा पुढे येतो, आणि डोकं फार दुखतं. अशा रुग्णांपैकी काहींना ते हॉर्मोन दाबणाऱ्या ऑक्ट्रिओटाइड या औषधाचं इंजेक्शन दिलं की काही मिनिटांत डोकं उतरतं. गाठ तर जागच्या जागी असते; मिनिटांत ती आक्रसत नाही. म्हणजे गाठीतल्या रसायनांचाही या दुखण्यात हात असणार.

आणखी एक शक्यता मोकळेपणाने मांडली पाहिजे: गाठीचा आणि डोकेदुखीचा काही संबंधच नसेल. दुसऱ्याच कारणाने केलेल्या एमआरआयमध्ये किंवा शवविच्छेदनात पाहिलं तर साधारण दहांतल्या एकाच्या पिट्युटरीत बारीकशी गाठ सापडते, जिने त्या माणसाला कधी त्रास दिलेला नसतो. आणि जगात सातांतल्या एकाला अर्धशिशी असते. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात योगायोगाने भेटणं अगदीच शक्य आहे.

म्हणून निव्वळ डोकं दुखतं एवढ्यासाठी सहसा ऑपरेशन ठरत नाही. नजर जाते आहे का, हॉर्मोन बिघडले आहेत का, गाठ वाढते आहे का, हे आधी पाहिलं जातं. प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हॉर्मोन, वाढवणारी गाठ तर बहुतेक वेळा कॅबर्गोलिनच्या गोळ्यांनीच आटोक्यात येते. लंडनच्या त्या ८४ जणांच्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतर ४९ टक्क्यांचं दुखणं कमी झालं, १५ टक्क्यांचं वाढलं. हे आधीच डोकेदुखीने बेजार झालेल्यांचे आकडे आहेत, सरसकट सगळ्यांना लावू नयेत. तरी ऑपरेशनच्या आधी सर्जनला विचारायचा प्रश्न त्यातून मिळतो: ‘डॉक्टर, हे ऑपरेशन कशासाठी? डोळ्यांसाठी, हॉर्मोनसाठी, की डोकेदुखीसाठी?’

ऑपरेशन बहुतेक वेळा नाकातून, दुर्बिणीने होतं. या वाटेने पिट्युटरीपर्यंत पहिल्यांदा पोचले ते हेरमान श्लोफर, १९०७ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला. तेव्हा नाक बाजूला उलटवावं लागलं होतं. आता बाहेर व्रणही दिसत नाही. नाकाच्या मागच्या पोकळीतून खोगिराच्या तळाला खिडकी पाडतात आणि गाठ खरवडून काढतात.

नंतरचे काही आठवडे डोकं दुखतंच, आणि त्यातलं बरंचसं दुखणं नाकाचं असतं. आतलं पॅकिंग, सूज, वाळलेल्या खपल्या यांनी कपाळ आणि गाल जड होतात, सर्दी भरल्यासारखं वाटतं. हे दिवसेंदिवस कमी होत जातं. या काळात नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, शौचाला कुंथायचं नाही. जलनेती आणि कपालभाती यांची सवय असलेल्यांनी सर्जनने होकार दिल्याशिवाय ती सुरू करू नये. खिडकी बुजवलेली जागा अजून कच्ची असते.

काही डोकेदुखी मात्र घरी थांबून बघायची नसते. उठून बसलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की उतरतं, आणि पुढे वाकल्यावर नाकातून नितळ पाणी टपकतं किंवा घशात खारट चव येते: हे मेंदूभोवतीचं पाणी गळत असू शकतं. तिथून जंतू वर गेले तर मेंदूज्वर होतो. ताप आणि मान आखडणं दिसलं की रात्र असो वा पहाट, रुग्णालय गाठायचं. तिसरी खूण फसवी. रुग्ण चार दिवसांत हसत घरी येतो आणि चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान डोकं दुखू लागतं, मळमळतं, बोलण्यात गोंधळ होतो. रक्तातलं सोडियम उतरलेलं असतं. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, आणि पाणी, सरबत पाजत राहतात. त्याने सोडियम आणखी उतरतं. म्हणून त्या आठवड्यातली सोडियमची तपासणी चुकवू नये. स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या असतील तर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत. कॉर्टिसॉल कमी पडलं तरी डोकं दुखतं, गळून जायला होतं, आणि जिवावर बेतू शकतं.

आणि ऑपरेशन झालेलं असो वा नसो, पिट्युटरीत गाठ असलेल्याचं डोकं वीज पडल्यासारखं एकाएकी दुखलं, उलट्या झाल्या, एकाचे दोन दिसू लागले किंवा पापणी पडली, तर गाठीत रक्तस्राव झाला असण्याची शक्यता असते. तिथे तासांचा हिशेब असतो.

सहा महिने उलटूनही डोकं पूर्वीसारखंच दुखत असेल, एमआरआय आणि हॉर्मोन ठीक असतील, तर त्याला अर्धशिशी म्हणून वागवावं. त्यावर वेगळी औषधं आहेत, आणि त्यासाठी न्यूरोलॉजिस्टकडे जाणं म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही. मात्र महिन्यात दहा-पंधरा दिवस वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवय लागली असेल तर त्या गोळ्याच नवी डोकेदुखी तयार करतात.

स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॅलेंडर असतं, त्यावर दुधाचे खाडे मांडलेले असतात. ऑपरेशनची तारीख ठरली त्या दिवसापासून त्याच चौकोनांत डोकं दुखलेल्या दिवशी एक फुली करायची. किती दुखलं याचा दहापैकी आकडा, दुखलेली बाजू आणि घेतलेली गोळी शेजारी लिहायची. महिना संपला की ते पान फाडून फाइलीत लावायचं, एमआरआयच्या रिपोर्टाच्या लगेच मागे.