रवा फ्राय की कोळीवाडा? नागपुरात कोळंबी वाटून खाताना

मेन्यूकार्डावर दोन्ही नावं एकाखाली एक असतात. दोन्ही कुरकुरीत, दोन्ही तिखट, म्हणून बरेच जण एकाऐवजी दुसरं मागवतात. पण रवा फ्रायमध्ये कोळंबीची चव पुढे असते, कोळीवाड्यात आवरणाची, आणि समुद्रापासून इतक्या लांबच्या शहरात हा फरक महत्त्वाचा आहे.

रवा फ्राय ही किनाऱ्यावरची रीत. कोळंबीला हळद, तिखट, आलं-लसूण, मीठ आणि कोकमाचं आगळ (आंबट अर्क) लावून १५-२० मिनिटं ठेवायचं. त्याहून जास्त वेळ आंबटात राहिली तर ती चिवट होते. मग पाव किलोला साधारण अर्धी वाटी बारीक रवा आणि दोन चमचे तांदळाचं पीठ मिसळून त्यात घोळवायची. तव्यावर थोडंच तेल, एका बाजूला दीड-दोन मिनिटं, आणि उलटायची ती एकदाच. सारखी उलटली की रवा सुटतो. तवा पुरेसा तापलेला नसला तर तोच रवा तेल पितो.

कोळीवाडा मात्र खोल तेलातला. नाव मुंबईच्या सायन कोळीवाड्याचं, पण हात पंजाबी: फाळणीनंतर तिथे वसलेल्या कुटुंबांमुळे हा पदार्थ रुजल्याचं सांगतात. बेसन, ओवा, लाल तिखट, आलं-लसूण असं घट्टसर मिश्रण कोळंबीला नुसतं चिकटलं पाहिजे, भज्यासारखा थर नको. थर जाड झाला की बाहेरून लाल आणि आतून पीठ कच्चं. पीठ शिजेपर्यंत तळत राहिलं, तर कोळंबी रबरासारखी होते. अर्धगोल वळलेली कोळंबी नीट शिजलेली समजा. शेपूट डोक्याच्या टोकाला टेकली असेल तर ती जास्त शिजली आहे.

आता नागपूरचा मुद्दा. इथे समुद्री कोळंबी एक तर थर्माकोलच्या पेटीत बर्फातून येते, नाहीतर फ्रोझन. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीबंदी असते, तेव्हा फ्रोझनची शक्यता जास्त. फ्रोझन कोळंबी घाईत वितळवली आणि कापडाने टिपली नाही, तर तव्यावर पाणी सुटतं. रव्याचा लगदा होतो, कोळंबी भाजायच्या ऐवजी उकडते. कोळीवाड्यात चमचाभर बेसन वाढवून स्वयंपाकी हे सावरू शकतो. म्हणून वेटरला सरळ विचारा, “कोळंबी बर्फातली की फ्रोझन? आणि प्लेटमध्ये नग किती?” बर्फातली असेल तरच रवा फ्राय, नाहीतर कोळीवाडा बरा. ‘झिंगा’ लिहिलेलं असेल तर गोड्या पाण्यातला की समुद्रातला हेही विचारा. विदर्भात तळ्या-नद्यांतल्या झिंग्यालाही तेच नाव आहे आणि त्याची चव वेगळी.

दोघांत दोन्ही घ्यायचे असतील तर दोन्ही एकदम मागवू नका. रवा फ्राय आधी, कारण कोळंबीची वाफ रव्याला आतून ओलं करते आणि पाच-सात मिनिटांत कुरकुरीतपणा जातो. ती संपत आली की कोळीवाडा सांगा. ओव्याची तिखट चव नंतरच बरी. रव्यावर लिंबू सगळ्या प्लेटभर पिळू नका, प्रत्येकाने आपल्या तुकड्यावर, तोंडात घालायच्या क्षणी पिळावं.