पुढे जाऊ की नको?

पुढे जमीन किती खोल आहे, हे रांगत्या बाळाला कळतं का? हे तपासायला एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एक टेबल तयार केलं. वर जाड, भक्कम काच. एका बाजूला काचेला लागूनच चौकड्यांचं कापड, दुसऱ्या बाजूला तसंच कापड, पण पार खाली. पडायचा धोका नाही, तरी कडा मात्र दिसणार. १९६० साली त्यांनी निकाल छापला. जागेवरून हललेल्या २७ बाळांपैकी प्रत्येक जण उथळ बाजूला गेला. खोल बाजूच्या काचेवर गेली फक्त ३.

मला या टेबलाचा पुढचा वापर जास्त मोलाचा वाटतो. जेम्स सॉर्स, रॉबर्ट एम्ड, जोसेफ कॅम्पोस आणि मेरी क्लिनर्ट यांचा अभ्यास १९८५ मध्ये आला. कडा फारच खोल असली तर बाळ कुणाला विचारत बसत नाही, सरळ मागे वळतं. म्हणून त्यांनी खोली सुमारे ३० सेंटिमीटरच ठेवली. धड धोका नाही, धड निर्धास्तपणाही नाही, अशी. पलीकडे खेळणं आणि आई. वर्षाचं बाळ कडेपाशी येतं, खाली बघतं आणि मान वर करून आईकडे बघतं. आईने बोलायचं नाही. ठरवून दिलेला एकच भाव चेहऱ्यावर धरून ठेवायचा.

आई आनंदी दिसली तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. भ्यायलेली दिसली तेव्हा १७ पैकी एकही नाही. रागावलेल्या चेहऱ्यासमोर १८ पैकी २ गेली, तर दुःखी चेहऱ्यासमोर १८ पैकी ६. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. भीती आणि राग दोन्ही ‘थांब’ म्हणतात. दुःखातून कड्याबद्दल नेमकं काय समजायचं? म्हणजे बाळ चेहरा नुसता गोड की वाईट एवढंच बघत नसावं.

आपल्याकडे मूल धडपडलं की घरातलं कुणीतरी लगबगीने म्हणतं, ‘काही नाही झालं, मुंगी मेली बघ!’ पडल्यावर आणि रडण्याआधी मूल क्षणभर आजूबाजूचे चेहरे न्याहाळतं, हे आज्यांना टेबलाशिवायच ठाऊक होतं. (खूपच लागलं असेल तर मात्र मुंगीचा काही उपयोग होत नाही.) आणि चेहराच लागतो असंही नाही. अमृता वैश आणि ट्रिशिया स्ट्रियानो यांनी २००४ मध्ये याच काचेवर दाखवलं, की नुसत्या चेहऱ्यापेक्षा आईच्या आवाजाने बाळं लवकर पुढे सरकतात.

इथे एक घाईचा निष्कर्ष निघू शकतो: लहान मुलं आईच्या चेहऱ्याच्या तालावर नाचतात. तसं नाही. १९८५ च्याच अभ्यासात काचेखालची खोली काढून टाकली, तेव्हा फार थोड्या बाळांनी आईकडे बघितलं. बघितलं आणि आई घाबरलेली दिसली तरी ती बाळं जरा घुटमळली आणि पुढे गेली. ज्याचं उत्तर स्वतःच्या डोळ्यांना मिळालं, ते दुसऱ्याला कशाला विचारायचं?

न्यूयॉर्क विद्यापीठात कॅथरिन टॅमिस-लेमोंडा, कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हे अधिक चोख मांडलं. दीड वर्षाची मुलं, लाकडी उतरण आणि खालच्या टोकाला ‘ये, ये’ किंवा ‘नको, थांब’ म्हणणारी आई. कुठल्या मुलाला किती तीव्र उतरण जमते, हे आधी एकेकाचं मोजून घेतलं. सोप्या उतरणीवर मुलं आईने अडवलं तरी चालत आली. अवघड उतरणीवर आईने कितीही बोलावलं तरी पाऊल टाकेनात. सल्ला मानला तो फक्त मधल्या, जमेल-न जमेल अशा उतरणीवर. तिथे प्रोत्साहन मिळालं की मुलं साधारण चारपैकी तीन वेळा चालली, मनाई झाली की जेमतेम चारातून एकदा.

मग अडॉल्फ यांच्या गटाने मुलांना टेफ्लॉनच्या तळव्यांचे गुळगुळीत बूट घातले. एरवी बिनधास्त उतरून जावं अशा कमी उतारावरही पाय घसरू लागले, आणि मुलं आता त्या सोप्या उतरणींवर आईचं ऐकू लागली.