एकाच स्विचवर तीन वेगळी नेटवर्क

इंदूरच्या रामबागेत एखाद्या मराठी संस्थेच्या इमारतीत तळमजल्यावर कार्यालय, वर ग्रंथालय आणि त्याच्याही वर मुलांचा संगणक वर्ग असेल, तर हिशेबाचा संगणक आणि वर्गातले संगणक बहुधा एकाच २४ पोर्टच्या स्विचला जोडलेले आढळतात. स्विच एरवी ज्याची माहिती त्यालाच पोचवतो; परंतु सर्वांना उद्देशून निघालेला संदेश, म्हणजे ब्रॉडकास्ट, तो सगळ्या पोर्टवर पाठवतो. वर्गातला संगणक सुरू होऊन आयपी पत्ता मागू लागला, की ती मागणी हिशेबाच्या संगणकापर्यंतही जाते. हे टाळून प्रत्येकाचे नेटवर्क वेगळे ठेवायला दुसरा स्विच विकत घ्यावा लागत नाही. व्यवस्थापनाची सोय असलेल्या स्विचवर व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचमधली आभासी स्वतंत्र नेटवर्क, करता येतात.

व्हीलॅनचे सारे मर्म चार बाइटांत आहे. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ८०२.१क्यू या १९९८ सालच्या मानकानुसार ईथरनेट फ्रेममध्ये, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या पाकिटात, पाठवणाऱ्याच्या मॅक पत्त्याच्या (नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाच्या) लगेच पुढे, ४ बाइटांचा टॅग घातला जातो. त्यातले पहिले २ बाइट केवळ टॅग असल्याची खूण असतात. पुढच्या १६ बिटांपैकी ३ प्राधान्यासाठी आणि शेवटचे १२ व्हीलॅनच्या क्रमांकासाठी असतात. बारा बिटांत ४०९६ क्रमांक बसतात. ० आणि ४०९५ राखीव असल्याने ४०९४ वापरता येतात.

कार्यालयाला १०, ग्रंथालयाला २० आणि वर्गाला ३० असे क्रमांक देऊन संगणकांचे पोर्ट ॲक्सेस प्रकारचे, म्हणजे एकाच व्हीलॅनचे आणि टॅगविना, ठेवावेत. संगणकाला टॅगचा पत्ताही लागत नाही. दोन स्विचना जोडणारा पोर्ट मात्र ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅनच्या फ्रेम टॅगसह नेणारा, करावा लागतो, आणि खरी काळजी इथेच घ्यावी. ट्रंकवर टॅगविना आलेली फ्रेम त्या पोर्टवर अशा फ्रेमसाठी ठरवलेल्या, म्हणजे नेटिव्ह, व्हीलॅनची मानली जाते. हा क्रमांक एका टोकाला १ आणि दुसऱ्या टोकाला ९९ असेल, तर एका व्हीलॅनमधली फ्रेम गुपचूप दुसऱ्यात शिरते आणि वेगळेपणाचा हेतूच फसतो.

व्हीलॅन १० मधून २० मध्ये जायला राउटर किंवा लेयर ३ स्विच, म्हणजे राउटिंगही करणारा स्विच, लागतो. राउटिंग सुरू केले, की सहसा सगळीच वाट मोकळी होते, म्हणून कोणाला कुठे जाऊ द्यायचे याचे नियम तिथे स्वतंत्रपणे लिहावेच लागतात. ब्रॉडकास्ट मात्र ही सीमा ओलांडत नाही. त्यामुळे आयपी पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर कार्यालयाच्या व्हीलॅनमध्ये असेल, तर वर्गाच्या व्हीलॅनसाठी राउटरवर डीएचसीपी रिले, म्हणजे पत्त्याची मागणी सर्व्हरपर्यंत पोचवण्याची सोय, चालू करावा लागतो. वर्गातल्या संगणकांना आयपी पत्ता मिळेनासा झाला, तर ट्रंकनंतर हेच तपासावे.