१९४६ : एका डोलकाठीवरचे तीन झेंडे

शाळेच्या इतिहासात १९४२ नंतर एकदम १९४७ येतं. 'चले जाव', मग थोडं आझाद हिंद सेनेबद्दल, आणि लगेच मध्यरात्रीचं भाषण. मधलं १९४६ साल एखाद्या परिच्छेदात उरकलं जातं. मला तरी सगळ्या घटनाक्रमाचा सांधा याच सालात दिसतो. फेब्रुवारीत नौदलातल्या खलाशांच्या संपात एकाच डोलकाठीवर काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल असे तीन झेंडे एकत्र फडकले, आणि डिसेंबरात घटना समिती भरली तेव्हा लीगच्या जागा रिकाम्या होत्या. या दहा महिन्यांत काय घडलं ते कळल्याशिवाय फाळणी कळत नाही, आणि त्यातलं बरंचसं आपल्या मुंबईत घडलं.

आधी थोडं मागे जायला हवं. १९४५ च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या तीन अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला : शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लन. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. इंग्रज सरकारने त्यांना एकत्र आरोपी केलं आणि देशाला एकत्र येण्याचं निमित्त स्वतःच्या हाताने दिलं. बचावाची बाजू भुलाभाई देसाईंनी लढवली. जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली खरी, पण जानेवारी १९४६ च्या सुरुवातीलाच सरसेनापती ऑकिनलेक यांना ती रद्द करावी लागली. हिंदी सैनिकांच्या मनात काय चाललंय हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

पुढच्याच महिन्यात याच सेनेतल्या कॅप्टन अब्दुल रशीद यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि कलकत्त्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. लीगचे, काँग्रेसचे, कम्युनिस्ट, सगळे खांद्याला खांदा लावून. तारखा होत्या ११ ते १३ फेब्रुवारी. शहर कलकत्ता होतं, एवढं लक्षात असू द्या.

मुंबईत 'तलवार' नावाचं नौदलाचं केंद्र होतं. नाव जहाजासारखं, पण ते कुलाब्यात जमिनीवरच होतं. तिथे बिनतारी संदेशाचं शिक्षण दिलं जाई. खडे असलेली डाळ, गोऱ्या खलाशांच्या तुलनेत तुटपुंजा पगार, आणि वरून अधिकाऱ्यांच्या शिव्या. बलाईचंद्र दत्त नावाच्या तरुण तारायंत्र्याने तिथल्या भिंतींवर 'चले जाव' आणि 'जय हिंद' रंगवलं, त्याला अटक झाली. १८ फेब्रुवारीच्या सकाळी खलाशांनी न्याहारी नाकारली : अन्न नाही तर काम नाही. तक्रार ताटातल्या अन्नाची होती, पण दुसऱ्या दिवशी मागण्यांची यादी आली तिच्यात आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती, आणि इंडोनेशियातून हिंदी सैन्य माघारी बोलवा, हेही होतं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही, कारण संप करणारे स्वतःच संदेशवाहक होते. बिनतारी यंत्रं त्यांच्याच हातात. दोन-तीन दिवसांत सुमारे ७८ जहाजं, २० किनारी ठाणी आणि २० हजारांच्या आसपास खलाशी संपात उतरले. मध्यवर्ती संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. ब्रिटिश निशाण उतरलं आणि डोलकाठीवर ते तीन झेंडे चढले.

२१ तारखेला मुंबईतल्या कॅसल बरॅक्स या नौदलाच्या बराकींना लष्कराने वेढा घातला, तासन्‌तास गोळीबार चालला. खलाशांची रसद तोडली होती. तेव्हा मुंबईकर गेटवेपाशी जमले : कुणी पाव, कुणी फळं, कुणी दुधाची भांडी घेऊन. होडक्यांतून हे सगळं जहाजांवर पोचवलं गेलं. पहाऱ्यावरचे हिंदी शिपाई बंदुका घेऊन उभे होते, आणि त्यांनी कुणाला अडवलं नाही. साम्राज्याचा पाया कुठे खचला होता हे दाखवायला मला यापेक्षा बोलकं दृश्य दुसरं सापडत नाही.

२२ फेब्रुवारीला कम्युनिस्ट पक्षाने हरताळ पुकारला. काँग्रेस आणि लीग या दोन्ही पक्षांच्या नेत्यांनी तो करू नका असं सांगितलं होतं. तरी गिरणगाव बंद झालं. लालबाग, परळ, भायखळा या भागांत लष्कराच्या चिलखती गाड्या फिरल्या, चाळींच्या तोंडाशी गोळ्या चालल्या. परळला कमल दोंदे ही कार्यकर्ती गोळी लागून गेली. दोन-तीन दिवसांत दोनशेहून जास्त माणसं मेली, हजाराच्या वर जखमी झाली. त्याच दिवशी कराचीत 'हिंदुस्थान' जहाजावर तोफा डागल्या गेल्या.

सरदार पटेलांनी शरण येण्याचा सल्ला दिला, कुणावर सूड उगवला जाणार नाही असं आश्वासन मिळालं. २३ तारखेला संप संपला. शेकडो खलाशांना नौदलातून काढलं गेलं आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना परत घेतलं नाही. हे वाचताना अजूनही जीव तुटतो.

या उठावावरून गांधीजी आणि अरुणा असफ अली यांच्यात जाहीर वाद झाला. अरुणाबाईंचं म्हणणं, हिंदू-मुसलमान घटनेच्या चर्चेत एक होण्यापेक्षा रस्त्यावरच्या लढ्यात एक झालेले बरे. गांधीजींचं उत्तर, लढणारी माणसं काही कायम मोर्च्यावर राहत नाहीत, घरी परततात, आणि मग त्यांना घटना लागतेच. मला दोघांचंही पटतं, आणि १९४६ ची सगळी शोकांतिका याच मुद्द्यावर येऊन थांबते. रस्त्यावर एकी होती, पण ती टिकवणारी चौकट कुणाकडेच नव्हती. त्याच हिवाळ्यात झालेल्या निवडणुका स्वतंत्र मतदारसंघांच्या होत्या, म्हणजे मुसलमानांच्या जागांसाठी फक्त मुसलमानच मत देत. केंद्रीय कायदेमंडळातल्या मुसलमानांसाठीच्या तीसच्या तीस जागा लीगने जिंकल्या. मतदानाचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींवर होता, त्यामुळे गेटवेवर पाव घेऊन आलेल्या बहुतेकांना मतच नव्हतं.

नाविकांचा संप सुरू असतानाच, १९ फेब्रुवारीला, लंडनमध्ये तीन मंत्र्यांचं शिष्टमंडळ हिंदुस्थानात पाठवण्याची घोषणा झाली. पेथिक-लॉरेन्स, क्रिप्स आणि अलेक्झांडर मार्चअखेरीस आले. १६ मे ला त्यांनी योजना मांडली : देश एकच, केंद्राकडे फक्त संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण, आणि प्रांतांचे तीन गट. मुंबई 'अ' गटात, पंजाब-सिंध-सरहद्द 'ब' मध्ये, बंगाल-आसाम 'क' मध्ये. दोन्ही पक्षांनी ती स्वीकारली, पण वेगवेगळा अर्थ लावून. लीगच्या मते गट सक्तीचे, काँग्रेसच्या मते ऐच्छिक.

मग जुलै. ठिकाण पुन्हा मुंबई. ६-७ जुलैला अखिल भारतीय काँग्रेस समितीने इथेच योजनेला मान्यता दिली. १० जुलैला इथेच पत्रकारांशी बोलताना नेहरूंनी सांगितलं की घटना समितीत जाण्यापलीकडे काँग्रेसने स्वतःला कशालाही बांधून घेतलेलं नाही. आणि २९ जुलैला इथेच लीगच्या कौन्सिलने योजना फेटाळून प्रत्यक्ष कृतीचा ठराव केला. एकट्या नेहरूंच्या बोलण्यावर खापर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. भेग योजनेतच होती, त्यांनी ती उघड्यावर आणली.

त्याच महिन्यात महाराष्ट्रातही दोन गोष्टी घडत होत्या. पुण्यात डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने विधिमंडळासमोर सत्याग्रह मांडला, कारण मंत्र्यांच्या योजनेत अस्पृश्यांना जागाच नव्हती. आणि मे महिन्यात बेळगावच्या साहित्य संमेलनात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली निघालेल्या संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचं २८ जुलैला मुंबईत परिषदेत रूपांतर झालं, लीगच्या ठरावाच्या आदल्याच दिवशी.

१६ ऑगस्ट, लीगने ठरवलेला प्रत्यक्ष कृतीचा दिवस. पुन्हा कलकत्ता. फेब्रुवारीत जिथे तिन्ही झेंडे एकत्र निघाले होते तिथे चार दिवसांत किमान चार हजार माणसं मारली गेली. १ सप्टेंबरपासून मुंबईत दंगल, आणि दुसऱ्याच दिवशी दिल्लीत नेहरूंच्या हंगामी सरकारचा शपथविधी. ऑक्टोबरात पूर्व बंगालमधल्या नोआखालीत दंगल, मग बिहारमध्ये. ऑक्टोबरअखेरीस लीग सरकारात आली, घटना समितीत मात्र आली नाही. गांधीजी नोव्हेंबरात नोआखालीला पोचले आणि पुढे गावोगाव अनवाणी हिंडले.

९ डिसेंबरला दिल्लीत घटना समिती भरली. नेहरूंनी १३ तारखेला उद्दिष्टांचा, म्हणजे घटनेची ध्येयं सांगणारा, ठराव मांडला. बॅ. मुकुंदराव जयकरांनी दुरुस्ती सुचवली : लीग आणि संस्थानं येईपर्यंत हा ठराव थांबवा. सभागृहाला ते आवडलं नाही. १७ तारखेला डॉ. आंबेडकर बोलायला उभे राहिले. मुंबईतून निवडून येण्याची वाट बंद असल्याने ते बंगालमधून, तिथले फेडरेशनचे नेते जोगेंद्रनाथ मंडल यांच्या पाठबळावर आले होते. आज आपण परस्परांशी झगडणाऱ्या छावण्या आहोत, हे त्यांनी कबूल केलं, आपणही अशाच एका छावणीचे आहोत हेही सांगितलं, आणि तरीही हा देश एक होईल, एक दिवस लीगलाही एकसंध हिंदुस्थान हिताचा वाटेल, असं म्हणाले. जयकरांची बाजू त्यांनी उचलून धरली.

ठराव २२ जानेवारीला मंजूर झाला, लीगशिवाय. जयकरांनी पुढे समितीचं सदस्यत्व सोडलं. फाळणी ठरली तशी बाबासाहेबांची बंगालमधली जागाही गेली. १९४७ च्या जूनअखेरीस राजेंद्रप्रसादांनी मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेरांना पत्र लिहून बाबासाहेबांना मुंबई प्रांतातून निवडून पाठवायला सांगितलं, आणि जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर ते जुलैत परत आले.